दीनमित्रचे जुने अंक, प्रबंध, ई-जर्नल्स: विद्यापीठाच्या लायब्ररीतून हे सगळं काढायचं कसं?

शेवगावकर_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नगर जिल्ह्यात एका ग्रँटेड कॉलेजला मराठी शिकवते, सीएचबीवर (म्हणजे तासांवर पगार), आणि यंदा पुणे विद्यापीठात पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंय, संशोधन केंद्र मात्र तिसऱ्याच कॉलेजात, म्हणजे माझी त्रिस्थळी यात्रा चालू आहे. विषय साधारण असा की मुकुंदराव पाटलांच्या दीनमित्र साप्ताहिकात १९१० ते १९३० या काळात शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर काय आणि कसं लिहिलं गेलं. गाइड म्हणाले आधी लायब्ररीत बसा, लिटरेचर रिव्ह्यू करा, मग बोलू.

तर बसायचं म्हणजे नक्की कुठे बसायचं हेच कळत नाहीये हो. एमए केलं तेव्हा लायब्ररी म्हणजे टेक्स्टबुक आणि जुन्या प्रश्नपत्रिका, याच्या पुढे कधी गेलेच नाही. जयकर लायब्ररीत एकदा जाऊन आले, ओपॅकवर (लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या सूचीत) दीनमित्र टाकलं तर मला हवं ते काही दिसलं नाही, काउंटरवर गर्दी होती, विचारायला संकोच वाटला, परतले. शोधगंगा (पीएचडी प्रबंधांची साइट) उघडली तर तिथेही शब्द टाकून काहीच येत नाही, असं कसं होईल, दीनमित्र ज्या सत्यशोधक चळवळीचं, तिच्यावर एवढे प्रबंध झालेत. शिवाय घरून ई-जर्नल्स बघता येतात का, ते वन नेशन वन सबस्क्रिप्शन म्हणतात ते आमच्यासारख्यांना आहे का, आणि जुन्या अंकांचे फोटो काढू देतात का. एसटीने पुण्याला जायचं तर अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचे तास बुडतात (सीएचबीला तास नाही तर पैसे नाहीत, जाणकारांना सांगायला नको) म्हणून जाण्याआधी सगळं नीट समजून घ्यायचंय. कुणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

नेटकरी_राजा

मॅडम २०व्या शतकात आहात का, सगळं नेटवर आहे आता. एआयला विचारा, संदर्भयादी पण करून देतो. लायब्ररीत फक्त यूपीएससीवाले बसतात एसी आणि पंख्यासाठी.

संदर्भ_विभाग_निवृत्त

राजे, तुमच्या त्या एआयने दिलेल्या याद्या घेऊन पोरं यायला लागली तेव्हाच मी रिटायर झालो, देवाची कृपा. लेखाचं नाव झकास, लेखक खराखुरा, मासिकसुद्धा खरं, फक्त त्या अंकात तो लेख नाही. पोरगं म्हणतं सर तुमच्याकडे अंक अपुरा आहे. अपुरा नाही रे बाबा, तो लेख कुणी लिहिलाच नाही.

मॅडम, आता तुमचं. आयुष्य संदर्भ विभागात गेलं (दुसऱ्या एका विद्यापीठात, पण घडी सगळीकडे साधारण तीच) म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या काउंटरवर गर्दी पाहिली तो देवघेव विभाग. तिथला माणूस पुस्तक देतो, घेतो, दंड लावतो, त्याला दीनमित्र विचारून उपयोग नाही आणि त्यात त्याचा दोष पण नाही. तुम्हाला गाठायचाय संदर्भ विभाग, त्यानंतर नियतकालिक विभाग, आणि प्रबंध जिथे ठेवतात तो विभाग. संदर्भ विभागातल्या माणसाचं कामच मुळी तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे सापडेल ते शोधणं हे आहे, तो त्याचा पगार आहे, उपकार नाही, त्यामुळे संकोच घरी ठेवून या. आमच्याकडे तर दिवसदिवस कुणी काही विचारायला यायचं नाही, आलं तर फक्त टॉयलेट कुठे आहे, असं असायचं. चांगला प्रश्न घेऊन कुणी आलं की आम्हालाच हुरूप यायचा.

पण प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. "शेतकऱ्यांवर काही आहे का" असं विचारलंत तर तो तुम्हाला एक कपाट दाखवेल आणि तुमचा दिवस गेला. त्याऐवजी एका कागदावर लिहून न्या: काळ १९१० ते १९३०, प्रदेश मुंबई इलाखा, त्यातही नगर जिल्हा, विषय सावकारी कर्ज, हवंय काय तर पहिलं मूळ अंक, दुसरं त्या काळचे सरकारी अहवाल, तिसरं नंतर झालेलं संशोधन. आणि आधी काय काय बघितलंत तेही लिहा. एवढं हातात असलं की तो माणूस उठून तुमच्याबरोबर चालायला लागतो. शक्य असेल तर चार दिवस आधी ईमेल टाका, लायब्ररीच्या पानावर पत्ता असतो, म्हणजे क्लोज्ड अॅक्सेसमधले, म्हणजे वाचकाला थेट कपाटातून घेता येत नाहीत असे, खंड ते काढून ठेवू शकतात, नाहीतर तुम्ही पोचणार दुपारी, स्लिप देणार, खंड येईपर्यंत जेवणाची सुट्टी.

ओपॅकचं म्हणाल तर त्यात नाही म्हणजे लायब्ररीत नाही असं अजिबात समजू नका. जुन्या ग्रंथालयांत सगळीच जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढलेली नसतात, आणि चढलेली असली तरी कशी चढवली ते बघा. कुणी दीनमित्र दीर्घ लिहिलंय कुणी दिनमित्र ऱ्हस्व, कुणी रोमन लिपीत टाकलंय आणि त्यात एका आयने, दोन ईने, मध्ये स्पेस देऊन अशा तऱ्हा. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या शीर्षकांवर अनुस्वारांचा पाऊस असतो तो वेगळाच. त्यामुळे नावाने नाही सापडलं तर संपादकाच्या नावाने शोधा, मग विषयाने. पुस्तकांसाठी आणखी एक, ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं, पण तुमचा विषय अर्धा तिथे आणि अर्धा इतिहास-अर्थशास्त्राच्या कपाटात आहे, मराठीची मुलं त्या बाजूला फिरकतच नाहीत.

आणि ओपॅक उघडायच्याही आधी शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची मागा. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. एका माणसाने गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून केलेलं काम आहे ते. तुमच्या काळात या विषयावर मराठीत काय छापलं गेलं होतं हे तिथे कळतं, मग ते कुठे मिळेल हा पुढचा प्रश्न. उलटं करू नका, म्हणजे जे मिळालं त्यावरूनच काय होतं ते ठरवू नका. आमच्याकडे निम्मे प्रबंध असेच झालेत, असो.

शेवगावकर_मॅडम

सर खरंच खूप आभार, दात्यांच्या सूचीचं नाव एमएला ऐकलं होतं पण ती उघडून बघायची असते हे कुणी सांगितलं नाही. शोधगंगेचं काय करू? आणि रिमोट लॉगिन?

पेशवेदप्तरी

शोधगंगेचं मी सांगतो, इतिहासात पीएचडी केली आहे, डोळ्यांचा नंबर त्यातच वाढला.

तुम्हाला शब्द टाकून काही मिळत नाही याचं कारण असं की जुने मराठी प्रबंध बऱ्याचदा नुसते स्कॅन करून टाकलेत, म्हणजे ती चित्रं आहेत, त्यात सर्चला अक्षर दिसतच नाही. आणि जे स्कॅन नाहीत ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, श्रीलिपी म्हणा कृतिदेव म्हणा, डोळ्याला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची भेळ असते, कॉपी करून बघा कळेल. म्हणून मजकुरात शोधण्याच्या भानगडीत पडूच नका. विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा आणि यादी वरून खाली वाचत या. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही. फक्त मराठी विभाग नाही, इतिहास, राज्यशास्त्र, पत्रकारिता पण बघा, आणि फक्त पुणे नाही, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तर सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीसाठी आधी बघा. शीर्षक कधी मराठीत कधी इंग्रजीत कधी रोमन लिपीतल्या मराठीत. एखादा प्रबंध जवळचा सापडला की त्याच्या गाइडच्या नावाने शोधा, त्याच गाइडकडे त्याच पट्ट्यातले आणखी दोन-तीन निघतात हमखास. आणि प्रबंध सापडला की आधी त्याची संदर्भसूची वाचा, प्रकरणं नंतर. दीनमित्रचे अंक त्यांनी कुठे पाहिले ते बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं, तुमचं अर्धं काम झालं.

शोधगंगोत्री म्हणून वेगळं आहे, त्यात चालू संशोधनाचे आराखडे असतात. ते पण बघून ठेवा, तुमचाच विषय कुणी घेतलाय का ते व्हायवाच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. शोधगंगेत प्रबंध देणं २००९ च्या यूजीसी नियमांपासून आलं, त्यामुळे त्याच्या आधीचे काही आहेत काही नाहीत, ते विद्यापीठाने किती जुने स्कॅन केले त्यावर. नसेल तर ज्या विद्यापीठाचा आहे तिथे छापील प्रत वाचायला जावं लागतं, घरी देत नाहीत.

आता मूळ अंक. एकाच ठिकाणी सगळी फाइल मिळेल ही आशा सोडा, जुन्या साप्ताहिकांचं ते भाग्य नसतं. एक वर्ष इथे, चार अंक तिथे. विद्यापीठाबरोबरच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणी चौकशी करा आणि तुमच्याच जिल्ह्यात नेवासा तालुक्यात तरवडी आहे की! तिथूनच मुकुंदरावांनी ते साप्ताहिक चालवलं, तिथे त्यांच्या नावाची स्मारक समिती आहे. पुण्याची एसटी पकडण्याआधी तरवडीची पकडा.

आणखी एक गोष्ट जी मराठीवाले बघत नाहीत (सॉरी पण खरंय). इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवायचं, दर आठवड्याला मुंबई इलाख्यातल्या पत्रांमधल्या मजकुराचे इंग्रजी सारांश करून गुप्त रिपोर्ट निघायचा, रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स. मूळ अंक हरवला तरी त्यातल्या एखाद्या लेखाचा सारांश तिथे सापडू शकतो, शिवाय सरकारला कुठला मजकूर टोचत होता तेही कळतं. मुंबईला काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात ते खंड आहेत.

कॉलेज_ग्रंथपाल_ताई

मी एका ग्रामीण कॉलेजची ग्रंथपाल. रिमोटचं मी सांगते कारण हे रोज समजावते.

मॅडम तुम्हाला दोन दारं आहेत. एक तुमच्या नोकरीच्या कॉलेजचं, दुसरं विद्यापीठाचं, आणि दोन्हीकडे वेगवेगळं मिळतं. कॉलेजने एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं नि ई-जर्नल्स देणारी योजना) सदस्यत्व घेतलं असेल तर तुमचं नाव नि ईमेल कॉलेजचा ग्रंथपाल त्यात टाकतो आणि तुम्हाला आयडी पासवर्ड येतो, घरून मोबाइलवरसुद्धा चालतो. सीएचबीला देत नाहीत असा गैरसमज आहे, विचारून बघा, शिक्षक म्हणून नाव घालायला काही अडचण नसते, आमच्याकडे मी सगळ्यांची घालते, निदान तेवढं तरी त्यांना परमनंटसारखं मिळू दे.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, त्याला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची मिळून जवळपास १३,००० जर्नल्स. ते सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. म्हणजे तुमच्या ग्रँटेड कॉलेजच्या बाजूने धरून चालू नका, पण विद्यापीठाची संशोधक विद्यार्थिनी म्हणून मिळायला हवं. त्यासाठी विद्यापीठाच्या लायब्ररीत संशोधक म्हणून नोंदणी पाहिजे, नुसती पीएचडी सेक्शनमध्ये फी भरून होत नाही, हे वेगळं कार्ड. त्यानंतर रिमोट अॅक्सेसचा फॉर्म. काही विद्यापीठं इन्फेड नावाच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेतून लॉगिन देतात काही स्वतःच्या पोर्टलवरून. तुमचं संशोधन केंद्र दुसरीकडे असल्यामुळे केंद्रप्रमुखांच्या सहीचं पत्र मागण्याची शक्यता आहे, ते घेऊनच जा.

पण एक स्पष्ट सांगते, तुमच्या विषयाला त्या १३,००० पैकी फार थोडी उपयोगी आहेत. तो सगळा भर विज्ञान, इंजिनिअरिंग, मेडिकलवर. मराठीतल्या वाङ्मयीन नियतकालिकांची तर तिथे अपेक्षाच नको. इंग्रजीतून दख्खनच्या शेतीवर, ग्रामीण कर्जावर लिहिलेलं मात्र सापडेल, ते काढा.

नेटकरी_राजा

बरं बरं चुकलं. पण जर्नल पैसे मागतं तेव्हा आम्ही जिथून उतरवतो तिथून उतरवलं तर काय बिघडतं, सगळेच करतात.

कॉलेज_ग्रंथपाल_ताई

सगळे काय करतात ते मला माहीत आहे हो, पण ज्याचे पैसे सरकारने आधीच भरलेत ते चोरून कशाला घेता? आधी लॉगिन करून बघा. नाहीच मिळालं तर लेखकाला सरळ ईमेल करा, बहुतेक जण पीडीएफ पाठवतात, वर थँक्यू म्हणतात कुणीतरी वाचतंय म्हणून. आणि तेही नाही तर विद्यापीठाच्या लायब्ररीला इंटर लायब्ररी लोन विचारा, डेलनेटसारख्या नेटवर्कमधून दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते. ही सोय कागदावर सगळीकडे असते, वापरणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

शिकागोहून_सुनीता

हाय, मी अमेरिकेत एका विद्यापीठात साउथ एशियन स्टडीज करतेय, मूळची सातारची. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

तुम्हाला विचित्र वाटेल पण मराठी पुस्तकं शोधताना अमेरिकन लायब्ररींचे कॅटलॉग पण बघा. १९६२ पासून पीएल-४८० च्या योजनेत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसमार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं इकडच्या विद्यापीठांना यायला लागली, गव्हाच्या बदल्यात जमलेल्या रुपयांतून. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकात एखाद्या छोट्या प्रकाशकाने काढलेलं पुस्तक जे साताऱ्यात मिळत नाही ते इथे कपाटात मस्त बाइंडिंग करून बसलंय, आणि दहा वर्षांत कुणी हात लावला नाही असं धुळीवरून कळतं. तुम्ही इथे येणार नाही हे खरं पण पुस्तक होतं, किती पानांचं, कुठे छापलं एवढं तरी कॅटलॉगमधून पक्कं होतं, वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांचा एकत्र कॅटलॉग) फुकट बघता येतं.

फुकट वाचायला मिळण्यासारखं म्हणजे साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज, जेस्टोर या जर्नल्सच्या साइटवरच आहे पण लॉगिन लागत नाही, त्यात जुने सेन्सस रिपोर्ट वगैरे. आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश दोन्ही सर्च करता येतात. १९१० च्या मराठीतले सावकारी व्यवहाराचे शब्द अडले की मी तिथेच जाते.

संदर्भ_विभाग_निवृत्त

सुनीताताईंनी बरं काढलं. सरकारी अहवालांसाठी पुण्यातच एक ठिकाण राहिलं, गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, बीएमसीसी रोडला. शेती, कर्ज, सहकार यावरचं जुनं साहित्य तिथे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांनी बरीच जुनी पुस्तकं नि रिपोर्ट स्कॅन करून ऑनलाइन रिपॉझिटरीत ठेवलेत, आधी घरून बघा. तुमचा काळ १९१० चा असला तरी धागा मागे जातो, १८७५ चे दख्खनचे दंगे, त्यावरच्या कमिशनचा रिपोर्ट, मग १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा. दीनमित्रमध्ये सावकाराच्या वहीबद्दल किंवा कोर्टातल्या दाव्यांबद्दल काही आलं की ते या कायद्याला धरून आहे का बघा, नाहीतर नुसती वर्णनं गोळा होतील.

फोटोचं विचारलं होतंत. जुना कागद झेरॉक्सला देत नाहीत आणि देऊही नये, खंड उलटा दाबला की पाठ मोडते, कडा पापडासारख्या तुटतात. मोबाइलने फोटो बहुतेक ठिकाणी परवानगीने काढू देतात, फ्लॅश बंद. काही ठिकाणी पानामागे पैसे घेतात. कॉपीराइटच्या कायद्यात कलम ५२ खाली खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी वापराची मुभा आहे, पण अख्खा खंड उचलून नेटवर चढवायची नाही. आणि फोटो काढताना प्रत्येक अंकाचा पहिला फोटो मास्टहेडचा, म्हणजे वरच्या नावाच्या पट्टीचा, तारीख दिसेल असा, नाहीतर घरी गेल्यावर शेकडो पानं आणि कुठलं कोणत्या अंकातलं पत्ता नाही. हे मी शेकडो वेळा सांगितलंय आणि तरी लोक रडत परत येतात.

शेवगावकर_मॅडम

बापरे किती माहिती, वही घेऊनच बसलेय. एक शेवटचं, प्लॅगरिझमचं. माझ्या प्रबंधात दीनमित्रचे लांब लांब उतारे येणार, मग ते १० टक्क्यांत कसं बसवायचं? आणि ते सॉफ्टवेअर मराठी वाचतं का?

पेशवेदप्तरी

वाचतं, युनिकोडमध्ये असेल तर. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका टायपिंगवाल्याकडून, तो म्हणेल आमच्याकडे श्रीलिपीच चांगली उमटते, ऐकू नका. काहीजण मुद्दाम जुन्या फॉन्टमध्ये देतात म्हणजे साम्य शून्य येतं, पण शून्य टक्के आलं की हल्ली उलट संशय घेतात, आणि घ्यावाच.

यूजीसीचे २०१८ चे नियम बघा. १० टक्क्यांपर्यंत साम्याला काही नाही, १० ते ४० ला सुधारून पुन्हा द्यावा लागतो, सहा महिन्यांच्या आत, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. पण अवतरणचिन्हात, नीट संदर्भ देऊन घेतलेले उतारे त्यातून वगळायचे असतात, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश पण वगळतात. तेव्हा दीनमित्रचा उतारा अवतरणात टाका, खाली अंकाची तारीख नि पान द्या, मोकळ्या व्हा. उतारे खूपच लांब असतील तर परिशिष्टात घाला. तपासणी विद्यापीठाच्या लायब्ररीतूनच होते तेव्हा सादर करायच्या आठवड्यात पळापळ करण्यापेक्षा एकेक प्रकरण झालं की तपासून देतात का ते विचारून ठेवा.

कॉलेज_ग्रंथपाल_ताई

आणि संदर्भांसाठी पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, देवनागरी नीट घेतं.

मॅडम पत्राचा मसुदा देऊन ठेवते, पुण्याला जाताना प्रिंट काढून घ्या: "सदर विद्यार्थिनी आमच्या संशोधन केंद्रात अमुक विषयावर पीएच.डी.चे संशोधन करीत असून तिला आपल्या ग्रंथालयातील संदर्भ, नियतकालिक व प्रबंध विभागातील साहित्य पाहण्याची, टिपणे व छायाचित्रे घेण्याची तसेच ई-साधने वापरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती." खाली केंद्रप्रमुखांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. जावक क्रमांक विसरू नका, त्यावरून परत पाठवतात. चार प्रती करा, गोखले इन्स्टिट्यूट आणि मंडळात पण लागतील, फक्त वरचा पत्ता बदला. सोबत आधार, विद्यापीठाचं रजिस्ट्रेशन पत्र, दोन फोटो. आणि निघण्याआधी फोन करून विचारा त्या दिवशी नियतकालिक विभाग चालू आहे ना, दुसऱ्या-चौथ्या शनिवारचा घोळ असतो.

शेवगावकर_मॅडम

ताई, मसुदा कॉपी केला. सर, ईमेल आजच टाकते. तरवडीला येत्या रविवारीच जाते, माझ्या माहेरच्या वाटेवरच आहे ते आणि मला पुण्यात शोधायचं सुचलं 😅. काय सापडलं ते इथेच लिहीन.